सापडलेलं नाव पुन्हा शोधलं तेव्हा

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. "आपोआप झालं, मी काही केलं नाही" हे वाक्य मला आयुष्यभर लोकांनी ऐकवलंय, आणि दर वेळी त्यामागे कुणाचा तरी आळस नाहीतर घाई निघाली आहे. भुताखेतांचं सोडा, पत्रिकेवरही माझा विश्वास नव्हता. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी पत्रिका मागितली तेव्हा मी त्यांना बायोडेटा दिला होता. तेव्हा या सदरातले अनुभव मी वाचतो ते मनातल्या मनात खोट काढत. माझ्या अनुभवातही जरूर काढा... निघाली तर मला कळवा, उपकार होतील.

नावं बदलली आहेत. आडनाव, शाळा, कचेरी, काहीच सांगणार नाही. अब्रूचा वगैरे प्रश्न नाही. तुमच्यापैकी कुणीतरी हौशी माणूस शोधायला बसेल, याची मला भीती वाटते.

वायटूकेची धामधूम नुकतीच संपली होती, तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी कर्वे रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या डोक्यावर होती. वर एसी आणि अमेरिकन क्लायंट, खाली पार्किंगवरून भांडणं. राहायला आम्ही बिबवेवाडीत. फ्लॅट अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर. आई आधीच गेली होती. घरात अण्णा, मी, माझी बायको मेधा आणि तेव्हा नुकती बोलायला लागलेली आमची सई. अण्णांचे थोरले भाऊ आप्पाकाका धायरीला त्यांच्या मुलाकडे, मिलिंदकडे असायचे. तेव्हा धायरीला जायचं म्हणजे गावाला जाऊन आल्यासारखं वाटायचं.

पितृपक्षात आप्पाकाकांकडे पक्ष असायचा. गुरुजी एकेका गेलेल्या माणसाचं नाव विचारत जातात... आजोबा, पणजोबा, मामा, आत्या. शेवटी "आणखी कोणी राहिलंय का?" असंही विचारतात. दर वर्षी त्यावर सगळे मान हलवतात आणि लक्ष स्वयंपाकघराकडे जातं. त्या वर्षी अण्णा म्हणाले, "कुसुमताई राहिली."

आप्पाकाकांनी हातातले दर्भ तसेच धरून मागे वळून बघितलं. "कोण कुसुमताई?"

"आपली ताई, आप्पा."

"बाळ, आपण दोघेच भाऊ. आपल्याला बहीण नव्हती."

"होती. मला शाळेत सोडायला यायची ती."

गुरुजींनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "आपलं नक्की होऊ दे, मी थांबतो. पण मला पुढे कोथरूडला अजून एक पक्ष आहे, एवढं लक्षात असू द्या." मग कार्य पुढे गेलं. जेवताना अण्णांनी खिरीला हात लावला नाही.

दोन दिवसांनी मिलिंदचा फोन. "विनय, अण्णाकाकांना एकदा दाखवून घे रे. त्या विसरण्याच्या आजारात म्हणे नसलेलंही आठवायला लागतं." काळजीनेच बोलला तो, त्याला नावं ठेवणार नाही. मी अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात सात वजा करत जा, असं सगळं झालं. अण्णांनी अचूक उत्तरं दिली आणि डॉक्टरांनाच तेरातेराने वजा करायला सांगितलं. तरी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन "लक्ष ठेवा" म्हणून सांगितलंच. त्यानंतर नातेवाईक अण्णांशी हळू आणि मोठ्याने बोलायला लागले, लहान मुलांशी बोलतात तसं.

एकदा संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "विनू, मला वेड लागलेलं नाही. माझी एक बहीण होती. होती, एवढं कुठेतरी कागदावर शोधून दे. मग मला खुशाल वेडा म्हणा." माझ्या वडिलांनी तोवर माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं. शोधून देतो म्हणून मी शब्द दिला.

आमच्या टीममध्ये रियाज होता. कॅम्पातला, घराणं कित्येक पिढ्या पुण्यातलं. त्याने हौसेने स्वतःच्या पणजोबांचा माग काढला होता. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "सापडलेलं कुणीही लिहून ठेवतं. न सापडलेलं लिहून ठेव. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच कपाटासमोर पुन्हा उभा राहशील." आम्हा टेस्टर लोकांना हे सांगायलाच नको. मी एक्सेलमध्ये शीट केली. कुठे गेलो, कोणत्या सालांची पानं बघितली, नाव कसं कसं लिहिलेलं असू शकतं, आणि शेवटच्या कॉलममध्ये निकाल.

त्यात मी माझ्या धंद्यातली एक अक्कल लावली. "नाही सापडलं" याला किंमत कधी? तर जे सापडायलाच हवं ते तिथे सापडतंय, याची आधी खात्री केली असेल तेव्हा. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी अण्णांचं नाव शोधायचं आणि मग कुसुमताईचं. अण्णा सापडले म्हणजे रजिस्टर धड आहे, आपली पद्धत धड आहे, आणि मग तिचं "नाही" हे खरं "नाही". रियाजला ही कल्पना फार आवडली होती. मलाही तिचं कौतुक होतं.

पहिली जन्मनोंदणीची कचेरी. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तारीख माहीत नाही, साल नक्की नाही, आणि शोधायचंय. बसा." अण्णा सापडले... आजोबांचं नाव, बुधवार पेठ, पुत्र. त्यांच्या आधीची कित्येक वर्षं चाळली, कुसुमताई नाही. मग मुलींची शाळा, तिथेही नाही. बुधवार पेठेत एका दुकानाच्या वर ज्या दोन खोल्यांत ते सगळे राहायचे, तिथे आता स्पीकर आणि केबलचं दुकान होतं. मालकाला काही माहीत असायचं कारण नव्हतं आणि तसं त्याने ताबडतोब सांगितलं.

मग अण्णांची शाळा. ऑफिसातल्या मॅडमनी जुनं दाखलखारीज रजिस्टर काढून दिलं. त्यात अण्णांचं नाव रियाजला आधी दिसलं. त्यांच्या वरच्या ओळीत चिंतामण नावाचा कुणी मुलगा होता, त्याच्यापुढे शेरा होता, "खोडकर, दोन वेळा पळून गेला." रियाज तो वाचून एवढा हसला की मॅडमनी वर बघितलं. खालीच अण्णा, "वर्तणूक चांगली." रियाजने ते मोठ्याने वाचलं. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं तर त्यांना केवढा आनंद झाला. "चांगली? आमच्या गुरुजींनी तोंडावर कधी सांगितलं नाही हो," म्हणाले.

मग नाशिकला जाऊन आलो. पणजीच्या अस्थी घेऊन आजोबा तिथे गेले होते, तेव्हा तीर्थोपाध्यांच्या वहीत त्यांनी घरच्यांची नावं लिहिली होती. आजोबांचं अक्षर मी पहिल्यांदाच बघत होतो. पुत्र दोन, खाली आप्पाकाकांचं आणि अण्णांचं नाव. मुलीचा उल्लेख नाही. "मुलींची नावं पुष्कळ जण लिहीत नसत," उपाध्ये म्हणाले. शीटमध्ये मी लिहिलं, "अण्णा: सापडले. कुसुमताई: नाही, पण यावरून काही ठरत नाही."

अशा त्या शीटमध्ये ओळी वाढत गेल्या. मी घरी आलो की अण्णा विचारायचे, "आज?" मी म्हणायचो, "नाही, अण्णा." ते मान हलवायचे आणि पेपर वाचायला घ्यायचे. त्याच सुमाराला एक लहानशी गोष्ट झाली. आमच्या सोसायटीच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर प्रत्येकाचा वाढदिवस व्हायचा, भेळ असायची. त्या वर्षी अण्णांचा वाढदिवस कुणाच्या लक्षात राहिला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा तरी झाला. अण्णाच म्हणाले, "म्हातारी माणसं, विसरायचीच." मीही तसंच समजलो.

मग अण्णांना एक आठवलं. शाळेत पहिल्या दिवशी आजोबा गावाला गेलेले होते. "ताईनेच माझं नाव घातलं. मास्तर म्हणाले सही कर, तर तिने आखल्यासारखी सही केली आणि मला म्हणाली, बघ, झालास तू शाळेत." मुलाला कोणी आणलं याचा कॉलम त्या रजिस्टरच्या उजव्या पानावर असतो, आणि मी उजवं पान नीट बघितलंच नव्हतं. अण्णांच्या स्वतःच्या ओळीत तिची सही! मी रियाजला घेऊन शनिवारी पुन्हा शाळेत गेलो. इतका खूश होतो की मॅडमसाठी चितळ्यांकडे रांग लावून बाकरवडी नेली होती.

रजिस्टर तेच. पान तेच. चिंतामण होता, खोडकर, दोन वेळा पळून गेलेला. त्याच्या खाली वामन नावाचा एक मुलगा होता. अण्णा नव्हते.

मी पान उलटलं, परत आणलं. अनुक्रमांक एकापुढे एक बरोबर होते. खाडाखोड नाही. शाई सगळीकडे तीच, विटकरी पडलेली. रियाजने पुस्तकाच्या शिवणीवरून बोट फिरवून बघितलं, पान फाटलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळी दुसरं रजिस्टर बघितलं असेल तुम्ही."

"मॅडम," रियाज म्हणाला, "हा चिंतामण मी विसरेन का?"

बाहेर येऊन आम्ही स्कूटरपाशी उभे राहिलो. मला वाटत होतं की त्याने म्हणावं, आपलीच चूक झाली असेल. तो म्हणाला, "होतं. मी स्वतः वाचलं. तू ऐकलंस." ऑफिसात जाऊन शीट उघडली. शीटमध्ये ती ओळ होती. अण्णा: सापडले.

आमच्या कामात एक रीत असते. काही बदललंय असा संशय आला की आधी पास झालेलं सगळं पुन्हा तपासायचं. रिग्रेशन म्हणतात त्याला. घाबरलेला माणूस हातातल्या सवयीचंच करतो. मी सोमवारी रजा टाकून जन्मनोंदणीच्या कचेरीत गेलो. त्याच साहेबांनी तेच बाड काढलं. अण्णांची ओळ नव्हती. मी म्हटलं, मागच्या महिन्यात तुम्हीच दाखवलीत. ते म्हणाले, "अहो, इथे नाही ते मी कसं दाखवणार? आणि दाखवलं असेल तर आत्ता मी ते खाल्लं का?" मागे रांगेतले लोक हसले. मीही हसलो आणि बाड त्यांच्याकडे परत सरकवलं.

खालच्या एसटीडी बूथवरून नाशिकला फोन लावला. उपाध्ये भले गृहस्थ, फोन धरून ठेवून वही काढायला गेले. मला पानं उलटल्याचा आवाज येत होता. "हां, घ्या. तुमच्या आजोबांचं अक्षर. पुत्र एक," म्हणाले आणि आप्पाकाकांचं नाव वाचलं.

"गुरुजी, दोन असेल. नीट बघता का?"

"अक्षर छापल्यासारखं आहे हो. एक." मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "बरं, तुमचा या घराण्याशी संबंध कसा लागतो म्हणालात?"

मी फोन ठेवला. बूथवाल्याने सुटे मागितले तेही मला कळेना.

रियाजने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विनय, बास कर. आता एकही जागा बघू नकोस." तो इतक्या गंभीरपणे माझ्याशी कधी बोलला नव्हता. पण मला वाटलं, कागद हे शेवटी कागद. माणसाला विचारू. आप्पाकाकांनी अण्णांना अंगाखांद्यावर खेळवलंय, ते काय रजिस्टर आहेत? मी तसाच धायरीला गेलो.

दुपारची वेळ होती. मिलिंद रजेवर होता, त्यानेच दार उघडलं. आप्पाकाका झोपाळ्यावर बसून निवडुंगाच्या कुंडीला पाणी घालायचं की नाही यावर सुनेशी वाद घालत होते. म्हणजे अगदी नेहमीसारखे. मला बघून म्हणाले, "ये ये विनय. चहा टाकतील आता."

मी विचारलं, "आप्पाकाका, अण्णांना शाळेत कोणी घातलं होतं, आठवतंय का?"

"कोण अण्णा?"

"माझे वडील. तुमचा बाळ."

आप्पाकाकांनी प्रयत्न केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. मग ओशाळून म्हणाले, "तुझ्या वडिलांशी माझी ओळख नाही रे झाली कधी. पक्षाला तू एकटाच आला होतास ना, मिलिंदचा मित्र म्हणून."

वय झालं, मी मनात म्हटलं. मिलिंद म्हणत होता तो आजार अण्णांना नाही, आप्पाकाकांनाच झालाय. मी मिलिंदकडे बघितलं, तो काहीतरी सारवासारव करेल म्हणून. मिलिंद माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आम्ही एका सायकलवर वाढलो. बँकेत नोकरी, हिशेबात पक्का. तो माझ्या शेजारी येऊन बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू, मोठ्याने म्हणाला, "विनय, बाबा एकुलते एक आहेत. त्यांना भाऊ नव्हता. तुला बरं वाटतंय ना?"

त्याचा तो सूर मला ओळखीचा होता. अण्णांशी सगळे त्याच सुरात बोलत होते.

तिथून बिबवेवाडीपर्यंत मी स्कूटर कशी चालवली, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की सिंहगड रोडवर एकदा थांबून मेधाला फोन करावा असं वाटलं आणि मी केला नाही. काय विचारणार होतो? अण्णा आहेत का? हा प्रश्न विचारायचीच मला भीती वाटत होती. विचारलं म्हणजे तो शोधच झाला, आणि मेधा म्हणाली असती "कोण?" तर...

मेधाने दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. ती म्हणाली, "असा काय बघतोयस? चप्पल काढ." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती आत वळली आणि वळता वळता म्हणाली, "अण्णा, आला हो तुमचा मुलगा. चहा घेणार का परत?" मी दारातच खाली बसलो आणि हमसून हमसून रडलो. मेधा घाबरली बिचारी.

त्या दिवशी अण्णांनी "आज?" असं विचारलं नाही. मेधा सईला घेऊन खाली गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "आप्पा काय म्हणाला?"

"काही नाही. बरे आहेत."

"मला ओळखत नाही म्हणाला ना?"

अण्णा स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"आमच्या वडिलांचा एक भाऊ होता म्हणे, लहानपणीच कुठेतरी गेलेला. वडील त्याला शोधायचे. सुट्टीच्या दिवशी कुठेतरी जाऊन यायचे, पाय धुवायचे आणि आईला सांगायचे, नाही मिळाला. पुष्कळ दिवस चाललं होतं ते. आणि मग घरात ताईला कुणी हाक मारेनासं झालं. रागाने नाही रे. विसरल्यासारखं. एक दिवस आईने पानं मांडली ती चारच. ताई आपल्या जागेवर येऊन बसली. समोर पान नाही. ती आईकडे बघत राहिली. आई वाढत होती आम्हाला, हसत होती आप्पाशी. ताईने मागितलं नाही. मला फार भीती वाटली. मी माझ्यातली अर्धी भाकरी तिच्या हातात दिली."

"मग?"

"मग रोज देत होतो. मला दिसत होती ती. शाळेत सोडायला यायची, पण वाटेत बोलायची नाही. मग मला गोवर आला. बरेच दिवस अंथरुणात होतो. उठून बसलो तेव्हा नव्हती. मी आईला विचारलं, तर आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला."

अण्णाच म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो ना, विनू?"

"नाही, अण्णा. तुम्हाला बहीण होती."

"झालं तर मग. आता शोधू नकोस," असं म्हणून ते सईचा खेळ आवरायला उठले. मी मात्र बसून राहिलो. आत्तापर्यंत किती ठिकाणी जाऊन, खिडकीत तोंड घालून, मी आधी माझ्या वडिलांचं नाव उच्चारलं होतं, तेच आठवत बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ती शीट काढून टाकली. रियाजने त्याच्याकडची कॉपी काढून टाकली. आजवर मी डिलीट केलेली ती एकमेव टेस्ट शीट.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि शहाण्यासारखे जगले. मेधा, सई, रियाज, कुणीच त्यांना विसरलं नाही. पण मी सावध झालो होतो. निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत नाव बघून येतो म्हणाले तर मी त्यांना जाऊ दिलं नाही. खूप चिडले माझ्यावर. आप्पाकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी म्हटलं, जाऊ या. अण्णा म्हणाले, "तिथे मी कोण म्हणून उभा राहू?" घरातच बसून एकट्याने भावाचं सुतक पाळलं त्यांनी.

अण्णा गेले तेव्हा स्मशानाचा पास काढायला रियाज गेला. नाव त्यानेच सांगितलं, मी लांब उभा होतो. मिलिंद भेटायला आला. मला मिठी मारली, म्हणाला, "चांगले होते रे काका, माझी फार भेट नाही झाली." त्याच आठवड्यात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. सख्ख्या चुलत्याच्या दहा दिवसांत. आणि जाताना त्याने मलाच प्रसादाला बोलावलं... "सुतक संपलं की ये, नाहीतर मी पाठवतो," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कसलंच काही नव्हतं. मी हो म्हटलं.

याला आता बरीच वर्षं झाली. अण्णांच्या मृत्यूचा दाखला मी आजवर काढलेला नाही. त्यामुळे फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आहे, बँकेतलं एक खातं तसंच पडून आहे. एरवी चाललं असतं. पण आता आमची सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत आणि कागद पूर्ण नसेल त्याला जागा मिळणार नाही. सेक्रेटरी जिन्यात गाठून विचारतात, "अहो, दाखलाच मागतोय ना तुमच्याकडे, किडनी नाही." मी आज-उद्या करतो.

परवा रविवारी दुपारी सई लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. ती आता माझ्यासारखीच आयटीत आहे. "बाबा, कुठे जायलाही नको. साईटवर आहे सगळं. नाव टाकायचं, वर्ष टाकायचं, सर्च दाबायचं." आणि तिने आजोबांचं नाव टाइप करायला सुरुवात केली. मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की तिच्या बोटाला लागलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आईकडे बघितलं.

मेधाशी मी यातलं सगळं कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. मिलिंदचं ऐकून तिच्या अंगावर काटा आला, तो मला दिसला. तरीही ती म्हणाली की कागदांच्या घोटाळ्याला आणि विसरभोळ्या नातेवाइकांना काहीतरी कारण असेलच. असेल. मला ते सापडलेलं नाही, रियाजलाही नाही. आम्ही दोघांनी आयुष्यभर इतरांच्या चुका शोधून पोट भरलंय, पण इथे आमचे हात टेकले.

राहतं घर घालवणार का, असं मेधाने मला विचारलं. तेही खरंच आहे. शेवटी ती माझा हात हातात घेऊन, समजुतीने म्हणाली, "अरे, एकदा विचारून तर बघ. फार तर काय होईल? नाही म्हणतील, एवढंच ना?"

एवढंच.